पेशंटचे दहा मार्क

कंडक्टरला चार वर्षांत एक्केचाळीस आजार झाले होते आणि एकाही आजाराने त्याचा केस वाकडा झाला नव्हता. सकाळी हृदयविकार, दुपारी मूतखडा, आणि साडेपाचला पिशवी उचलून घरी चहाला. बायको म्हणायची, बाकीच्यांचे नवरे निवृत्त झाले की घरात बसून आजारी पडतात. माझा रोज डबा घेऊन आजारी पडायला बाहेर जातो.

हे काम वैद्यकीय विद्यापीठातलं. नव्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर स्किल लॅब होती. ओळीने दहा खोल्या, प्रत्येकीत एक खाट, दोन खुर्च्या, हात धुवायचं बेसिन आणि भिंतीवर घड्याळ. खऱ्या आजारी माणसाला हात लावण्याआधी विद्यार्थ्यांनी इथे सोंगाच्या आजाऱ्यावर शिकायचं. सोंग घेणारे दहा-बाराजण होते, सगळे निवृत्त. त्यांना आजाराचा कागद मिळे: काय दुखतं, कधीपासून दुखतं, कुठलं आपणहून सांगायचं आणि कुठलं विचारल्याशिवाय तोंडातून काढायचं नाही. कागद पाठ करायचा आणि आपण कोण ते विसरून जायचं.

कंडक्टरला हे पहिल्या दिवसापासून जमलं. एकतीस वर्षं त्याने बसमध्ये मिसरूड फुटलेल्या पोराला बारा वर्षांचा म्हणून अर्ध्या तिकिटावर बसवू पाहणारे आईबाप पाहिले होते. लॅबच्या मॅडमना त्याने तेव्हाच सांगितलं होतं, "माणूस खोटं कसं बोलतो ते मला शिकवू नका. खरं कसं दाबून ठेवतो, तेवढं कागदावर लिहून द्या."

तो स्वतः मात्र हिशेबाला चोख. लग्नाला महिना झालेला असताना बायको त्याच्याच बसमध्ये चढली, लाजून हसली, आणि याने तिकीट टर्रकन फाडून तिच्या हातात ठेवलं. ते तिकीट तिने अजून जपलं आहे. प्रेमाने नव्हे, पुरावा म्हणून.

हे विद्यापीठ त्याच्या डोळ्यांदेखत, म्हणजे बसच्या मागच्या दारातून, उभं राहिलं होतं. सुरुवातीला तो शेवटचा थांबा होता आणि तिथे पत्र्याच्या छपराचं चाळीस खाटांचं इस्पितळ होतं. उतरायचे ते आजारी आणि त्यांचे डबेवाले नातेवाईक. मग एक वर्ष घमेली-फावडी घेऊन गवंडी उतरायला लागले. मग कॉलेजची पाटी लागली आणि पांढरे कोट हातावर टाकलेली पोरं उतरायला लागली. एकदा एका पोराच्या कापडी पिशवीतून मांडीचं हाड बाहेर डोकावत होतं. शेजारची बाई किंचाळून उठली. कंडक्टरने चौकशी केली, पोरगं घामाघूम होऊन म्हणालं की कॉलेजची हाडं आहेत, अभ्यासाला नेतोय. कंडक्टरने क्षणभर विचार केला आणि निवाडा दिला, "जिवंत असता तर पूर्ण तिकीट लागलं असतं. बसा."

इमारती वाढल्या, थांब्याचं नाव बदललं, बस तिथून आणखी चार थांबे पुढे जायला लागली. पण एक गोष्ट तशीच राहिली. परीक्षा दूरच्या एका जुन्या विद्यापीठाची, पेपर तिथून, निकाल तिथून, पदवीवर नाव त्यांचं. शिकवायचं आपण आणि शिक्का दुसऱ्याचा. बारा वर्षांच्या खटपटीनंतर कॉलेजचं विद्यापीठ झालं. आता आपली परीक्षा आणि आपला शिक्का. त्या शिक्क्याची पहिली तुकडी यंदा बाहेर पडायची होती, आणि त्या तुकडीत कंडक्टरची एकुलती एक लेक होती.

कुलगुरू झाल्या त्या बाई पूर्वी पत्र्याच्या इस्पितळात लहान मुलांचा वॉर्ड चालवायच्या. कंडक्टरला आणलं त्यांनीच. निवृत्तीनंतर गुडघा दाखवायला तो ओपीडीच्या रांगेत बसला होता आणि मान वर न करता औषध लिहिणाऱ्या डॉक्टरची नक्कल करून रांगेला हसवत होता. हसणं एकाएकी थांबलं म्हणून त्याने मागे पाहिलं, तर बाई उभ्या. म्हणाल्या, हे माझ्या खोलीत येऊन करून दाखवा. त्याला वाटलं, आता काही खरं नाही. अर्ध्या तासाने तो नोकरी घेऊन बाहेर पडला, गुडघा दाखवायचा राहूनच गेला.

या बाईंनीच पेशंटचे दहा मार्क आणले. परीक्षेत दहा खोल्या, प्रत्येक खोलीत आठ मिनिटं, कोपऱ्यात परीक्षक. परीक्षकाचे वीस मार्क असायचेच. पण घंटा झाल्यावर सोंगाच्या पेशंटनेही एक कार्ड भरून पेटीत टाकायचं. कार्डावर एकच प्रश्न: या डॉक्टरकडे तुम्ही परत याल का? शून्य ते दहा. चारच्या खाली पडले, तर परीक्षकाने वीसपैकी वीस दिले तरी त्या खोलीत नापास.

जुन्या प्राध्यापकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सर्जरीच्या प्रमुखांना मुलं कात्री सर म्हणत, हत्यारामुळे कमी आणि जिभेमुळे जास्त. ते भर बैठकीत म्हणाले, उद्या भाजीला विचारा, सुरी कशी वाटली. बाई म्हणाल्या, भाजी परत येत नसते, पेशंट यावा लागतो. ठराव झाला, पण जेमतेम. शिवाय वरची समिती पहिली परीक्षा बघायला येणार होती. तिला पद्धत पटली नाही, तर परीक्षा पुन्हा जुन्या विद्यापीठाकडे. बाईंची बारा वर्षं त्या दहा खोल्यांत पणाला लागली होती.

नियम कडक होते. नात्यातला विद्यार्थी समोर येता कामा नये. चुकून आलाच, तर खिशातलं लाल कार्ड वर करायचं, खोली तिथल्या तिथे थांबवायची. कागदात काय लिहिलंय ते परीक्षा संपली तरी कुणाला सांगायचं नाही, तशी सही दिलेली. लॅबच्या मॅडमनी यादी नीट करून कंडक्टरला चार नंबरची खोली दिली होती. प्रत्येक गटाला दहातल्या नऊच खोल्या असत आणि लेकीच्या गटाच्या वाटेत ती खोली नव्हतीच.

आणि परीक्षेच्या सकाळी, सात नंबरच्या खोलीत सोंग घेणार होत्या त्या हेडबाईंचा आवाज बसला. चाळीस वर्षं शाळा गाजवून जो गेला नाही तो घसा नेमका त्या दिवशी गेला. त्यांच्या आजाराचा पुरुषासाठीचा कागद कंडक्टरला पाठ होता, म्हणून मॅडमनी त्याला सातमध्ये पिटाळलं आणि चारमध्ये राखीव माणूस बसवला. घाईत यादी बघायची राहिली.

सातकडे जाताना कंडक्टरची डावी चप्पल पायातून निसटली आणि तो तसाच पंधरा पावलं पुढे गेला. पहारेकऱ्याने हाक मारून चप्पल आणून दिली. महिन्याभरात हे तिसऱ्यांदा. बायको म्हणायची, लक्ष कुठे असतं तुमचं.

तिसऱ्या घंटेला दार उघडलं आणि लेक आत आली.

कंडक्टरचा हात खिशाकडे गेला, हे खरं. पण कोपऱ्यात बाहेरगावचे परीक्षक बसले होते आणि त्यांच्या पाठीशी फाइल मांडीवर घेऊन समितीचे एक सदस्य. त्यांच्यासमोर लाल कार्ड काढायचं म्हणजे बाईंच्या तोंडाला काळं. हे एक कारण, आणि ते तो पुढे सगळ्यांना सांगायचा. दुसरं त्याने फक्त एकदाच सांगितलं. चार वर्षं तो दुसऱ्यांच्या पोरांना डॉक्टर होताना बघत होता. आपल्या पोरीला एकदा बघावं, असं त्याला वाटलं. हात खिशापाशी थांबला.

लेकीच्या खिशातही तसंच लाल कार्ड होतं. तिनेही काढलं नाही. घरचाच पेशंट मिळाला, देव पावला, असं तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलं होतं.

कागदातला माणूस होता ट्रक ड्रायव्हर, वय अठ्ठावन्न, पोटात जळजळ. आपणहून सांगायचं ते एवढंच. विचारल्यावर सांगायच्या दोन गोष्टी होत्या: रोज दारू लागते, आणि गेल्या आठवड्यात दोनदा संडासला डांबरासारखं काळं झालं. म्हणजे आत रक्त जातंय. हा माणूस घरी गेला तर दोन दिवसांत उभ्या उभ्या कोसळेल.

लेकीने हात धुतले, नाव सांगितलं, परवानगी घेतली. पंखा मोठा करू का, विचारलं. खाली वाकून, बापाच्या पायापासून वीतभर लांब पडलेली डावी चप्पल सवयीने त्याच्या पायाशी सरकवली. परीक्षकांनी मान डोलावून काहीतरी लिहिलं. जळजळ कधीपासून, जेवणाआधी की नंतर, तिखट किती, झोप किती, सगळं शिस्तीत विचारलं. बापाची छाती फुगली.

मग तो वाट बघायला लागला. ती दारूचं विचारेना. कसं विचारणार? तिच्या बापाने जन्मात थेंबाला हात लावला नव्हता, याची तिला खात्री होती. संडासचं विचारताना ती अडखळली आणि "पोट साफ होतं ना?" एवढ्यावर सोडून दिलं. त्याने कागदात होतं तसं "होतं" म्हटलं. ती रंगाकडे गेलीच नाही. पोट तपासताना "आडवा हो" म्हणाली, जीभ चावून "आडवे व्हा" म्हणाली, आणि बरगडीखाली दोन बोटं टेकवल्यासारखी करून उचलली, कारण बापाला तिथे गुदगुल्या होतात. शेवटी हसून म्हणाली, "काळजी करू नका. पित्त आहे. गोळी लिहून देते."

घंटा झाली. ती जाताना डोळ्यांनी हसली.

कार्ड भरायला एक मिनिट असे. कंडक्टरने पेन्सिल उचलली. बाप म्हणाला, आठ. पण खुर्चीत अजून तो ट्रक ड्रायव्हर बसलेला होता, पोटात रक्त घेऊन, हातात पित्ताची गोळी घेऊन. परत याल का? आलो असतो, जगलो असतो तर. कंडक्टरने दोन मार्क लिहिले. एक हात धुतल्याचा आणि एक चपलेचा. पेटीत कार्ड टाकताना त्याला आपलीच चीड आली, पण कार्ड परत काढायला पेटीला दार नव्हतं.

निकाल तिसऱ्या दिवशी लागला. लेक आठ खोल्यांत पास, सातमध्ये नापास. सहा आठवड्यांनी फेरपरीक्षा. तीही गेली तर वर्ष गेलं: तुकडी पदवी घेऊन पुढे जाणार आणि ही मागे राहणार. सात नंबरमध्ये कोण बसलं होतं, ते घरात कुणाला विचारावं लागलं नाही.

तोवर कात्री सरांच्या हाती यादी पडली होती. खोली सात, पेशंट आणि विद्यार्थिनी, आडनाव एकच. त्यांना आयतं कोलीत मिळालं. समितीसमोरच त्यांनी ते टेबलावर ठेवलं: बापाने लेकीला मार्क द्यायचे, ही तुमची नवी पद्धत. मग मोठ्या थाटात त्यांनी पेटीतलं कार्ड मागवलं आणि वाचून दाखवायला उघडलं. वाचलं, आणि चष्मा काढून पुन्हा वाचलं. जीभ असून कात्री चालेना, असं त्या दिवशी प्रथमच झालं.

कंडक्टरला बोलावलं. कुलगुरू बाईंचा आवाज थंड होता. लाल कार्ड का काढलं नाही, त्यांनी विचारलं. त्याने पहिलं कारण सांगितलं. बाई बघत राहिल्या, तेव्हा दुसरंही सांगितलं. समितीच्या माणसाने विचारलं, प्रामाणिक दिसावं म्हणून मुद्दाम कमी दिलेत का?

"साहेब, बाप म्हणून आठ आले होते मनात," कंडक्टर म्हणाला. "पण परत यायचं होतं ते पेशंटला. आणि तो बिचारा मेला असता."

बाहेरगावचे परीक्षकही तिथेच बसले होते. त्यांनी आपला तक्ता पुढे केला. म्हणाले, मी हिला वीसपैकी तेरा दिले. पोरगी गोड बोलली, हात धुतले, चप्पल सरकवली, मी भाळलो. पण विचारलेच पाहिजेत असे दोन प्रश्न तिने विचारले नाहीत, आणि माझ्या तक्त्यात त्यांना मार्क होते फक्त दोन. चुकलं असेल तर माझं चुकलं, यांचं नाही. समितीच्या माणसाने ते लिहून घेतलं, आणि पेशंटचे दहा मार्क कायम राहिले.

लेकीला आत बोलावून बाईंनी सांगितलं की खोलीत नियम मोडला, तेव्हा ही खोली रद्द करून घ्यायचा तुला हक्क आहे, उद्या दुसऱ्या पेशंटपुढे परीक्षा दे, नापास लागणार नाही. लेकीने बापाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मीही कार्ड काढलं नव्हतं," ती म्हणाली. "उद्या दिली तर लोक म्हणतील, बापामुळे सुटली. मी सहा आठवड्यांनीच देते."

कंडक्टरला वर्षभर परीक्षेच्या खोलीत बंदी झाली. जाता जाता बाई म्हणाल्या, बंदी लाल कार्डासाठी आहे, दोन मार्कांसाठी नाही. त्याला तेवढं पुरलं. बाहेर पडला तो ताठ मानेने. घरी पोचेपर्यंत ती मान खाली आली, ते वेगळं.

घरात बायकोने मौन धरलं. असं लग्नानंतर प्रथमच झालं होतं आणि पहिला दिवस त्याला बरंही वाटलं. तिसऱ्या दिवशी घर खायला उठलं. चौथ्या दिवशी ती बोलली, ते ऐकून मौनच बरं होतं असं वाटलं. मलाही तिकीट फाडलंत तेव्हा नवी नवरी होते म्हणून गप्प बसले, म्हणाली. ही तर पोटची पोर आहे.

खरा छळ वेगळाच होता. लेकीला आपलं काय विचारायचं राहिलं ते हवं होतं, आणि ते त्याने सांगायचं नाही अशी त्याची सही होती. रोज संध्याकाळी ती जेवताना सगळे प्रश्न मोजून दाखवायची. जळजळ विचारली. झोप विचारली. औषधं विचारली. राहिलं काय? तो ताटात बघायचा. ती म्हणायची, नुसती मान हलव, बाबा. तो मानही हलवायचा नाही. उत्तर जिभेच्या टोकावर असायचं आणि घास गिळावा तसं तो ते गिळायचा. लेकीवर त्याचा जीव होता, आणि जीव असूनही तो गप्प राहत होता, हे तिला कळत नव्हतं. किंवा कळत होतं, आणि तेच तिला जास्त झोंबत होतं.

ती शेजाऱ्यांवर सराव करायला लागली. वरच्या मजल्यावरचे आजोबा, खालची शिंपीण, कुणीही जिन्यात सापडलं की हिने खुर्चीत बसवलंच. पंधरा दिवसांत जिना ओस पडला.

पाचव्या आठवड्यातल्या रविवारी सकाळी कंडक्टर पेपर वाचत होता. लेक आली, बेसिनवर हात धुतले आणि दुसरी खुर्ची ओढून त्याच्या समोर बसली. आज ती चिडलेली दिसत नव्हती.

"मी काय विचारलं नाही ते शोधत होते इतके दिवस," ती म्हणाली. "आज कळलं. मी तुला काहीच विचारलं नाही. मला सगळं माहीतच होतं ना. खालच्या शिंपिणीला मी जे प्रश्न विचारते, ते तुला विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नाही."

त्याने पेपर खाली ठेवला. तिने वही उघडली. मग ती त्याला अहो-जाहो करायला लागली आणि त्या सकाळी एकदाही अरे-तुरेवर आली नाही.

तुमचं वय काय. काम काय करत होता. घरात कोण कोण. झोप, भूक, लघवी, संडास, रंगसुद्धा. त्याने नीट उत्तरं दिली. मग तिने वहीतून मान वर केली आणि विचारलं, "दारू पिता?"

कंडक्टरसमोर कागद नव्हता. इथे काय सांगायचं आणि काय विचारल्याशिवाय सांगायचं नाही, ते कुणी लिहून दिलेलं नव्हतं.

"प्यायचो," तो म्हणाला. "डेपोत असताना. रोज. तू चार वर्षांची होईस्तोवर."

"पाच," बायको आतून म्हणाली.

लेकीने चेहरा हलू दिला नाही. माझ्या पाचव्या वर्षापर्यंत, असं वहीत लिहिलं. तिचे कान मात्र लाल झाले होते. मग तिने शेवटचा प्रश्न विचारला, जो ती शेजाऱ्यांनाही विचारायची: अंगावर काढताय असं काही आहे का, कुणाला सांगितलं नाही असं?

एक्केचाळीस आजारांचे संवाद पाठ असलेला माणूस चाचरला. काही नाही, म्हणाला. मग म्हणाला, तसं किरकोळच आहे. डाव्या पायातली चप्पल निसटते. निसटली ते कळत नाही. दोन-तीन महिने झाले असतील. लक्ष नसतं माझं, दुसरं काय.

लेकीचं पेन थांबलं. त्या खोलीत तिने स्वतःच्या हाताने ती चप्पल उचलून त्याच्या पायाशी सरकवली होती. त्याबद्दल परीक्षकांनी मार्कसुद्धा दिले होते.

पुढचं आधीच सांगून टाकायला हरकत नाही. आठवड्याने तिने फेरपरीक्षा दिली, पेशंट होत्या हेडबाई, घसा ठणठणीत. त्यांनी तिला नऊ दिले. दहा त्यांनी शाळेतही कधी कुणाला दिले नव्हते. समितीचा होकार आला आणि विद्यापीठाच्या स्वतःच्या शिक्क्याची पहिली पदवी घ्यायला लेक तुकडीबरोबरच मंचावर चढली. टाळ्या वाजवणाऱ्यांत कात्री सरही होते. पुढच्या वर्षी त्यांनी आपल्या वॉर्डात तीच कार्डं मागवून घेतली, म्हणाले, बघू तरी. पण कंडक्टरला विचाराल तर लेक डॉक्टर झाली ती मंचावर नव्हे, त्या रविवारी, घरातल्या खुर्चीत.

तिने आईकडून शिवणाच्या डब्यातली एक टाचणी आणि वर लावायला स्पिरिट मागितलं. बापाचा डावा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला. त्याला संकोच झाला, तो पाय ओढायला लागला. तिने ओढू दिला नाही.

"डोळे मिटा," ती म्हणाली. "टोचलं की हो म्हणा."

त्याने डोळे मिटले. हे त्याला येत होतं. अशा तपासणीचा कागद त्याने दोनदा पाठ केला होता. तो टोचण्याची वाट बघत बसला. आतून बायकोचा आवाज येईना, म्हणजे ती दारात येऊन उभी राहिली असणार. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. बराच वेळ गेला.

"टोच की आता," तो म्हणाला.

त्याने डोळे उघडले. लेक त्याच्या तळव्याकडे बघत होती. जिथे जिथे टोचलं तिथे तिने पेनाने ठिपका दिला होता. असे सात निळे ठिपके होते.

त्याने ठिपके मोजले, पुन्हा मोजले. सोंगात तो कितीदा तरी घाबरला होता, तोंड कोरडं पाडून, हात थरथरवून. आता तोंड खरंच कोरडं पडलं. त्याला वाटलं, आता ही म्हणेल, काळजी करू नका.

ती तसं म्हणाली नाही. तिने पाय पुसला, खाली ठेवला आणि चप्पल स्वतः घातली, पट्टा ओढून. मग वही मांडीवर घेऊन त्याच्या डोळ्यांत बघत एकेक सांगितलं. "साखर वाढलेली असणार. उद्या तपासू. तळव्याला जे कळेनासं झालंय ते परत येईल, असं मी सांगत नाही. पण याच्यापुढे जाऊ देणार नाही. रोज रात्री दोन्ही तळवे आरशात बघायचे, जखम आहे का ते. अनवाणी चालायचं नाही, घरातसुद्धा. उद्या आठला ओपीडीत या. केसपेपर मी काढून ठेवणार नाही. रांगेत उभं राहून काढायचा."

दारातून बायको म्हणाली, "फाडलं तिकीट."

कंडक्टरला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने पुसलं नाही. लेकीने वही मिटली. उठता उठता, सवयीने म्हणा किंवा मुद्दाम म्हणा, तिने विचारलं, "परत याल ना?"

"येईन," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पावणेआठला तो रांगेत होता, बेचाळिसावा आजार घेऊन, आणि त्याने पुढच्या-मागच्या कुणालाच हसवलं नाही.